नाव घातलेला डबा

आमच्या घरात तीन पुडांचा एक पितळी डबा ४२ वर्षं राहिला. तो आमचा नव्हता. दर दिवाळीला ही तो चिंचेनं घासून लख्ख करायची. कल्हईवाला कॉलनीत येत होता तोवर आतून कल्हई लावून घ्यायची आणि पुन्हा फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवायची. त्या डब्यात आम्ही कधी काही ठेवलं नाही. झाकणावर कुणीतरी नाव घातलं होतं, पण घासून घासून ती अक्षरं इतकी झिजली की पुढं फक्त दोन आद्याक्षरं बोटाला लागत. ती माझ्या मुंबईच्या मित्राच्या वडिलांची असावीत असं आम्ही धरून चाललो होतो.

मुंबईला जाणं व्हायचं. लग्नकार्यात मित्राची भेटही व्हायची. पण डब्याचा विषय आमच्यापैकी कुणी काढत नसे. एक तर रिकामं भांडं परत देऊ नये, आणि त्या घराला काय भरून द्यावं हे आम्हा दोघांना कधी ठरवताच आलं नाही. काहीही मनात आणलं तरी कमीच वाटायचं. दुसरी गोष्ट लाजेची होती. ज्या दिवसांत त्या घरातल्या पितळेच्या प्रत्येक वस्तूला मोडीच्या दुकानात भाव येत होता, नेमक्या त्याच दिवसांत आम्ही त्यांचा पितळी डबा आमच्या बोचक्यातून घेऊन आलो होतो. चुकून आणला, पण आणला. तीन वर्षांपूर्वी ही गेली. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं फडताळाकडे बोट करून एवढंच म्हटलं, "तेवढं राहिलं बघा."

२०२४ च्या फेब्रुवारीत मी तो डबा घेऊन निघालो. आदल्या रात्री मुलगी बारामतीहून आली होती. तिनं शेंगदाण्याचे लाडू वळले, तिन्ही पुडांत बसवले आणि डब्याला फडक्याची गाठ मारली. ती गाठ मारताना मी तिच्याकडे बघत होतो. तिच्या छातीवर मधोमध एक उभा व्रण आहे. डबा आणि व्रण दोन्ही एकाच उन्हाळ्यातले, १९८२ सालचे.

मित्र आणि मी वालचंदनगरला एकाच चाळीत वाढलो. आमचे दोघांचेही वडील मळ्यात दारं धरायचे. बाहेरच्या माणसाला वालचंदनगर म्हणजे कारखाना वाटतो, पण आमच्या लहानपणी ते आधी पाणी होतं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ पासून या भागात खेळत होतं. त्या पाण्याच्या भरवशावर शेठ वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर ऊस लावला आणि साखर कारखाना उभा केला. पुढं तिथंच यंत्रं तयार होऊ लागली. उसाचा फड आणि लेथ एकाच गावात, आणि दोन्हींचा दिवस भोंग्यावर चालणारा. १९६३ साली शेती महामंडळ झालं आणि मळे त्याच्याकडे गेले, तरी वडिलांच्या खांद्यावरचं फावडं तेच राहिलं. रात्रपाळीचं पाणी धरायला ते कंदील घेऊन निघत. आम्ही दोघं त्यांच्या मागून पाटाच्या कडेनं जायचो आणि बांधावरच झोपी जायचो. मळीचा आंबूस वास आला की समजायचं, गळीत सुरू झालं.

मी कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो आणि टर्नर झालो. मित्राला मॅट्रिकला गणितानं अडवलं. त्याचे चुलते लालबागला राहत. त्यांनी त्याला नेलं आणि गिरणीत बदली म्हणून चिकटवला. रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. अशी काही वर्षं काढून तो साचेखात्यात कायम झाला. पत्रात लिहायचा, "भोंगा इथं पण आहे. फक्त इथं एक वाजला की पाठोपाठ दहा वाजतात."

आता गाडीकडे येतो. शेजारच्या जंक्शन गावावरून भिगवण गाठलं. आमच्या भागातला माणूस मुंबईला निघाला की बहुतेक भिगवण किंवा दौंडच धरतो. १९८२ सालीही आम्ही भिगवणहूनच बसलो होतो, मुलीला खांद्यावर घेऊन. उजनी धरण नुकतं पुरं झालं होतं आणि पाणी वर सरकत होतं. ज्यांची गावं त्या पाण्याखाली गेली ती माणसं डब्यात शेजारी बसून पाण्याकडे बघत होती. आज त्याच पाण्यावर रोहित पक्षी येतात आणि पुण्याहून मोटारी भरून लोक ते बघायला येतात.

दौंड, पुणे गेलं. लोणावळा सोडून गाडी घाटात शिरली, तसा मी डबा मांडीवर घेतला. बोरघाट उतरताना मला नेहमी आमचं गाव आठवतं. वालचंदशेठ मूळचे सोलापूरचे. रेल्वेच्या ठेकेदारीत त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी केली, आणि १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली तिच्या पहिल्या कामांत याच घाटातले बोगदे होते. ज्या माणसाच्या नावाचं माझं गाव, त्याच्या माणसांनी फोडलेल्या डोंगरातून मी मुंबईला जात होतो. १९८२ साली मला यातलं काही ठाऊक नव्हतं. बोगद्यात अंधार झाला की मुलगी घाबरून मान घट्ट धरायची आणि तिच्या ओठांचा निळसर रंग दिसेनासा व्हायचा, म्हणून तो अंधार मला बरा वाटायचा, एवढंच आठवतं.

दादरला उतरून आधी कुर्ल्याला गेलो. तिथं आमच्याच कॉलनीतला एक जण असतो. प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये त्यानं ३० वर्षं फियाट जोडल्या. ती कंपनीही १९४४ साली वालचंदशेठनीच काढलेली, त्यामुळे कॉलनीतली काही मुलं ओळखीपाळखीनं तिकडे जात. कारखान्याच्या जागी आता उंच इमारती आहेत. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी आपण नाक्यापर्यंत जाऊन आलो, टॅक्सी काही दिसली नाही, असं त्यानं सांगितलं. १९८२ साली ज्या दिवशी मुलीला इस्पितळातून सोडलं त्या दिवशी तोच फियाट टॅक्सी घेऊन आला होता. मुलीला आत बसवून त्यानं दार लावलं, तिला खट्‌ असा आवाज ऐकवला आणि म्हणाला, "हे दार तुझ्या काकानं बसवलंय, उघडायचं नाही बरं." त्याच्याकडे रात्र काढली. जेवताना आम्ही दोघंही फार बोललो नाही. त्याला आता ऐकू कमी येतं, आणि ओरडून बोलण्यासारख्या त्या आठवणी नव्हत्या.

सकाळी डोंबिवलीला मित्राकडे जाण्याआधी परळला उतरलो. केईएमच्या दारासमोर थोडा वेळ उभा राहिलो. पालिकेचं हे इस्पितळ १९२६ सालचं. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली भारतातलं पहिलं हृदयरोपण इथंच केलं होतं. हेही मला फार उशिरा वाचून कळलं. पुण्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देताना फक्त म्हटलं होतं, "तिथं हृदयाचं काम होतं. मुंबईत कुणी आहे का तुमचं?" मी म्हटलं, आहे. मुंबईत माझं एवढं एकच माणूस होतं, आणि ते तीन महिने संपावर होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. आम्ही एप्रिलमध्ये पोचलो तेव्हा गिरणगावात एकही भोंगा वाजत नव्हता. सतत कुठल्यातरी पाळीचा भोंगा ऐकत वाढलेल्या मला ती शांतता घशाला कोरड पाडणारी वाटली. मित्र दादरला घ्यायला आला. गाल आत गेलेले. मी म्हटलं, वाळलास. तो म्हणाला, "मुंबईचा उन्हाळा."

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्याची दहा बाय बाराची खोली. तो, वहिनी, दोन मुलं, आणि आता आम्ही तिघं. वहिनींनी पोटमाळ्यावरची गोधडी काढून मुलीसाठी मोरीपासून लांबचा कोपरा लावला. पुरुषमाणसं गॅलरीत झोपत. समोरच्या खोलीत कोकणातले आठ जण राहत. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एवढ्याशा खोलीत ते वर्षानुवर्षं मावले होते, एक कामाला गेला की त्याच्या जागेवर दुसरा झोपायचा. आता सगळे एकाच वेळी घरी, त्यामुळे रात्री गॅलरीत पाय ठेवायला जागा नसे. मुलीला धाप लागून झोप यायची नाही. त्या अंधारात कुणीतरी अगदी खालच्या आवाजात भजन म्हणत असे आणि तिचा डोळा लागे. कोण म्हणतंय हे मी कधी मान वर करून पाहिलं नाही. तिचा डोळा लागला की माझाही लागायचा.

आम्ही त्या घरात ४० दिवस राहिलो. रोज सकाळी वहिनी पितळी डबा भरून देत. एकात मुलीसाठी पेज, एकात भाकरी, एकात काहीतरी कालवण. इस्पितळातून संध्याकाळी आलो की आमची पानं वाढलेली असत. "तुम्ही?" असं विचारलं की वहिनी म्हणत, "आमचं मघाशीच झालं भावजी. पोरांना भूक निघत नाही." मी आणि हिनं ते रोज खरं मानलं. खरं सांगायचं तर विचारच केला नाही. मुलीच्या छातीकडे बघता बघता दुसऱ्याच्या ताटाकडे बघायचं आम्ही विसरलो होतो. याचं दुःख हिला शेवटपर्यंत होतं. मला आजही आहे.

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला आणि डॉक्टरांनी सहा बाटल्या रक्ताची सोय करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी मित्र आणि मी रक्तपेढीत गेलो. तिथं टेबलावर एका काचेच्या भांड्यात निळं पाणी ठेवलेलं होतं. ते मोरचुदाचं पाणी, हे मी रंगावरून ओळखलं. आमच्याकडे द्राक्षबागेला फवारणी करतात त्यात मोरचूद असतं. बोटाला टोचून थेंब काढायचा आणि त्या पाण्यात सोडायचा. रक्तात कस असला की थेंब सरळ तळाशी जातो. नसला की वर राहतो.

माझा थेंब खाली गेला. मित्राचा थेंब वरच राहिला, थोडा हलला, आणि तिथंच लोंबकळला.

तिथल्या बाईंनी पुन्हा एकदा टोचलं. पुन्हा तेच. त्यांनी त्याच्या खालच्या पापणीत बघितलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, जेवण होतं का नीट?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "होतं की." मग म्हणाला, "त्या पाण्यातच काहीतरी खोट असेल." बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्याला तिथंच बसवून एक कप दूध दिलं. त्यानं तो कप हातात धरून ठेवला आणि मला म्हणाला, "हे पोरीला नेता येईल का रे?"

त्या रात्री आम्ही दोघांनी पहिल्यांदा त्या खोलीतले डबे पाहिले. वहिनी नळावर गेल्या होत्या. हिनं एक डबा उघडला, दुसरा उघडला. तिसरा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून २० किलो ज्वारी आणली. वहिनी रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी काही न बोलता पिशवी आत घेतली, निम्मी पाखडून ठेवली आणि उरलेल्या निम्म्याच्या दोन वाटण्या करून शेजारच्या दोन घरी पोचवल्या. मी काहीतरी पुटपुटलो असेन. त्या म्हणाल्या, "दारावरून पिशवी आत येताना सगळ्यांनी बघितली, भावजी. आता एकटीनं तवा कसा ठेवू?"

त्या दिवशी रक्तपेढीतून मित्र परत आला तो खाली मान घालून, पण तासाभरात गॅलरीत पाच माणसं उभी होती. त्यानं कुणाला काय सांगितलं मला ठाऊक नाही. सगळे संपावरचे. त्यांतले दोघं निळ्या पाण्यावरून परत फिरले. तिघांचं घेतलं. कुर्ल्याच्या मित्रानं आपल्या खात्यातले दोघं आणले. माझी एक. अशा सहा झाल्या. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुलीचं हृदय उघडलं आणि पुन्हा शिवलं. पाचव्या दिवशी मी तिच्या ओठांकडे बघत बसलो होतो, किती वेळ ते सांगता येणार नाही. ते लाल होते. चार वर्षांत तो रंग मी तिथं पाहिला नव्हता.

ते तिघं कोण होते? नावं मी त्या वेळी विचारली असतील, पण राहिली नाहीत. चेहरेही नाहीत. एकाच्या दंडावर गोंदलेलं होतं असं वाटतं, पण ते कदाचित दुसऱ्याच कुणाचं असेल. माणसानं आयुष्यातली सगळ्यात मोठी वस्तू देणाऱ्याचा चेहरा विसरावा, याला काय म्हणायचं मला कळत नाही.

आम्ही परतलो त्या दिवशी वहिनींनी वाटेत खायला डबा भरून दिला. टॅक्सी, बोरीबंदर, गर्दी, कडेवर टाके घातलेलं पोर. घरी येऊन बोचकं सोडलं तेव्हा डबा आमच्याच हातात राहिल्याचं कळलं. ही तिथंच भिंतीला टेकून बसली. पुढच्या पगाराला मी खात्यात सगळा वृत्तांत सांगितला. मी मागितलं नव्हतं, पण सोबत्यांनी टोपी फिरवली. चार पोती ज्वारी आणि एक पोतं साखर झाली. मुंबईला माल घेऊन जाणाऱ्या ट्रकवाल्यानं भाडं घेतलं नाही. डबाही त्याच ट्रकमधून पाठवावा असं मी म्हटलं. ही म्हणाली, पोत्यांबरोबर नको, तो आपल्या हातानं द्यायचा. मित्राचं कार्ड आलं, "चाळीत ११ घरांना पोचलं."

डोंबिवलीला पोचेपर्यंत दुपार झाली. पूर्वेला, स्टेशनपासून लांब, मित्र मुलाकडे राहतो. जिना चढताना मी दोनदा थांबलो. तो दारातच खुर्ची टाकून बसला होता. म्हणाला, "आरं, किती हळू चढतोस! पाटाच्या कडेनं पळायचास तेव्हा बरा होतास." मग काही बोलला नाही आणि माझा हात धरून बसला. गिरणी कामगारांच्या घरासाठी भरलेल्या अर्जाची पावती त्यानं मला दाखवली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार घड्या घालून ठेवलेली. मुलीचं विचारलं. मुलीच्या मुलाचं विचारलं. मी फोनवरचा फोटो दाखवला तर तो चष्मा वर करून तिच्या ओठांकडे बघत राहिला. इतक्या वर्षांनंतरही त्यानं आधी तेच बघितलं.

वहिनी आतून आल्या. पाठीत वाकल्या आहेत. मी फडक्याची गाठ सोडली आणि डबा त्यांच्यापुढं ठेवला. काय बोलायचं ते गाडीत ठरवून आलो होतो. त्यातलं काही बोललो, काही घशात राहिलं. हिचं शेवटचं वाक्य तेवढं सांगितलं.

वहिनींनी डबा हातात घेतला, फिरवला, झाकणावरून अंगठा फिरवला.

"हा आमचा नाही, भावजी."

मी म्हटलं, वहिनी, याच डब्यातून तुम्ही रोज पेज द्यायचात.

"द्यायचे की. पण आमचा पितळी डबा होळीच्या आधीच मोडीत गेला. घागर गेली, त्याच दिवशी तोही गेला. तुम्ही आलात तेव्हा इस्पितळात न्यायला घरात भांडंच नव्हतं. हा समोरच्या खोलीतल्या काकांचा. त्यांनीच आणून दिला. म्हणाले, माझी पाळी बंद आहे तर डब्याची पण बंद, पोरीला होऊ दे."

मित्र खुर्चीवरून पुढं वाकला. त्यानं झाकण मागून घेतलं, खिडकीकडे तिरकं धरलं आणि अक्षरं वाचली. मग त्या माणसाचं नाव सांगितलं. दोन्ही आद्याक्षरं जुळली. ते नाव मी इथं लिहीत नाही. आधी त्याच्या घरच्यांना भेटायचं आहे.

"तुला आठवत नाही?" मित्र म्हणाला. "रक्त द्यायला आला होता की. तिघांतला एक. रात्री पोरीसाठी भजन म्हणायचा तो."

मला आवाज आठवला. लगेच आठवला. त्या आवाजाला तोंड मात्र काही केल्या मिळेना. मी डोळे मिटून बसलो, पण गॅलरीतला अंधारच दिसत राहिला.

"मग तो कुठं असतो?"

"राजापूरकडचा. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात तो गावी गेला, पावसाआधी भाताचे तरवे करायचे होते त्याला. म्हणाला, संप मिटला की येतो."

खोलीत कुणी काही बोललं नाही. तो संप आजतागायत कुणी अधिकृतपणे मागे घेतलेला नाही.

"डब्याबद्दल काही बोलला नाही का?" मी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "मीच विचारलं. तुम्ही डबा नेलात हे दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं होतं. म्हटलं, कार्ड टाकून मागवू का? तर नको म्हणाले. म्हणाले, पोर मोठी होईल तोवर राहू दे तिच्याकडे."

म्हणजे वहिनींना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. ४२ वर्षं आम्ही लाजेनं विषय काढला नाही, आणि त्यांनी आम्हाला लाज वाटू नये म्हणून काढला नाही. हिला हे कळायला हवं होतं. त्या क्षणी मला दुसरं काहीच वाटलं नाही, फक्त हिला हे कळायला हवं होतं.

जेवण झालं. वहिनींनी लाडू एका परातीत काढून घेतले, मोजले नाहीत. डबा मोरीत नेऊन राखेनं घासायला लागल्या तेव्हा सून म्हणाली, आई, मी करते. त्या म्हणाल्या, राहू दे, हा माझ्या हातचा आहे. धुतला, पुसला, उन्हात ठेवला. निघताना त्यांनी खालच्या पुडात दोन मुठी तांदूळ घातले, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिला.

"आमचा नसला तरी रिकामा कसा देऊ? आता पुढं तुम्ही बघा."

मित्र जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आला. पुढं त्याला येववत नाही. मी खाली पोचून वर पाहिलं तेव्हा तो कठड्याला धरून उभा होता. त्यानं हात केला नाही, मीही केला नाही. लहानपणी पाटावरून घरी जाताना आम्ही असेच न बोलता वेगळे व्हायचो, कारण सकाळी भेट ठरलेलीच असायची.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. कर्जतला मागून इंजिनं लागली आणि गाडी घाट चढू लागली. बोगद्यात शिरल्यावर मी झाकणावरची अक्षरं बोटानं चाचपून पाहिली. आता ती वाचता येत होती. फोन वाजला तेव्हा गाडी दौंड सोडून बरीच पुढं आली होती आणि डाव्या हाताला उजनीचं पाणी काळोखात कुठंतरी असणार होतं.

"दिला का डबा?" मुलगी म्हणाली.

मी सगळं सांगितलं. मध्ये ती काही बोलली नाही. एकदा मला वाटलं रेंज गेली.

"राजापूरला गाडी जाते का?"

"कोकण रेल्वेचं राजापूर रोड म्हणून स्टेशन आहे. पुढं एसटी."

"मग मी पण येते. अप्पा, त्यातले तांदूळ काढू नका."